एकतीस पिना

संपदाने कॉलेजच्या लायब्ररीतून आणलेली कादंबरी उघडली आणि तोंड वाकडं केलं. शेवटच्या प्रकरणाची पानं सरांनी स्टेपलरने बंद करून टाकली होती. अन् पिना तरी किती? एकतीस! भंगारवाल्याने पुस्तकाला लोखंडाचा भाव दिला असता.

"शी! आजी, ह्या गोष्टीत सरकार घराघरात यंत्र बसवून पुस्तकांतले शब्द पुसतंय. आणि सरांनी त्याच पुस्तकाच्या सगळ्या कॉप्यांना पिना मारल्यात. म्हणे, केबिन रोडवरच्या दुकानात गाइड मिळतं, परीक्षेत त्यातला शेवट लिहा."

"काय आहे गाइडात?" उर्मिलाआजीने विचारलं.

"हिरो यंत्राला शरण जातो, सगळे सुखी होतात."

"अगंबाई, मग गाइड यंत्रानेच लिहिलं असेल!" आजीने बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि कोथिंबीर निवडावी तशा एकतीस पिना निवडून काढल्या.

आत काय, तर हिरो हिरॉइनचा एक मुका घेतो आणि मग दोघं मिळून यंत्र फोडतात.

"ह्याहून जास्त तर दुपारच्या सिरियलीत असतं," आजी म्हणाली.

संपदाने परीक्षेत खरा शेवट लिहिला. सरांनी पंधरापैकी भोपळा दिला आणि भर वर्गात दरडावलं, "पिना काढल्यास? असलं वाचायला लाज नाही वाटत?"

संपदाला त्यांची किळसच आली. "सर, मग पिना कुठे मारायच्या ते तुम्हाला न वाचताच कळलं का?"

सर फळा पुसायला लागले. भोपळा काही हलला नाही. पण संपदाकडून आजीची युक्ती कळताच दुसऱ्या दिवशी वर्गातल्या झाडून साऱ्या पोरी बांगड्या घालून आल्या, आणि प्रत्येकीच्या बांगडीत एक सेफ्टी पिन!