ओझ्याला बसलेल्या डॉक्टरीणबाई

मी एक जुने ढकलयंत्र आहे, आणि दातांच्या डॉक्टर काद्रीबाईंनी शेवटी रग्बीचा एक संघ आपला मानला. तो चुकीचा होता. दुसरा मानला असता तर तोही चुकीचाच ठरला असता. मित्रांनो, ही वाक्ये तुम्ही वाचलेली नाहीत. असे काही घडलेले नाही. काद्रीबाई आमच्या खोऱ्यात नुकत्याच आल्या आहेत, त्यांनी काहीही ठरवलेले नाही, आणि मी अजून तोंड उघडलेले नाही. आता सुरुवात करते.

मी एक जुने ढकलयंत्र आहे. माझा जन्म मेंढ्या तोलायचे काटे बनवणाऱ्या एका कारखान्यात झाला. माझ्याबरोबर त्याच आठवड्यात घडलेली माझी सगळी भावंडे काटे झाली. मेंढी काट्यावर चढते, तोलली जाते आणि उतरून निघून जाते. मला मात्र माणसांच्या वाट्याला पाठवले गेले, आणि माणूस उतरून निघून जात नाही.

माझे काम समजायला स्क्रम म्हणजे काय ते ठाऊक हवे. आठ माणसे डोकी खाली घालून, एकमेकांच्या खांद्यांत गुंतून, समोरच्या तशाच आठ माणसांना ढकलतात. त्यातून काय साधते, हे विचारायचे नसते. सरावाच्या दिवशी समोरचे आठ जण कोणी उसने देत नाही, म्हणून त्यांच्या जागी मला उभे करतात. माझ्या खाली घसरायला दोन लोखंडी पट्ट्या आहेत, पुढे खांदे टेकवायला गाद्या आणि वर एक लांब फळी. मी रिकामे असले तर आठ जण मला सहज मैदानाच्या टोकाला नेतात आणि त्यांचा उगाच आत्मविश्वास वाढतो. तो वाढू नये म्हणून फळीवर गावातली माणसे बसवतात. आमच्या वेल्सच्या खोऱ्यात याला ओझ्याला बसणे म्हणतात. बसायला काही लागत नाही. बूड असले की झाले.

खोऱ्यात गावे दोन. वर पेनरिव, खाली अबरगॉर. दोघांत मी एकच, कारण मला एकट्याने पोसायची ऐपत दोघांचीही नाही. मंगळवारी मी पेनरिवचे, गुरुवारी अबरगॉरचे. बुधवारी दोन्ही गावांचे ट्रॅक्टर नदीवरच्या पुलाच्या मध्यावर येतात, एक मला सोडतो, दुसरा जोडून घेतो, आणि दोन्ही चालक एकमेकांकडे न बघता परत फिरतात. ते सख्खे भाऊ आहेत.

दोन्ही संघांत फरक काय, असे तुम्ही विचाराल. पेनरिव हिरवे घालते, अबरगॉर तांबडे. संपला फरक. पेनरिवचे लोक अबरगॉरच्यांना बेइमान म्हणतात, अबरगॉरचे पेनरिवच्यांना अडाणी. मी दोघांचे बोलणे वर्षानुवर्षे फळीखालून ऐकले आहे आणि दोघांचेही म्हणणे पटले आहे. माझ्या डाव्या अंगाला पेनरिवने हिरवा रंग फासला, तर उजव्या अंगाला अबरगॉरने तांबडा. गंज मात्र दोन्हीकडे सारखाच चढला. खोऱ्यात निःपक्षपाती असा तो एकटाच.

अशा ठिकाणी काद्रीबाई आल्या. त्या एस्टोनियाच्या. आधीचे दातांचे डॉक्टर निवृत्त होऊन समुद्राकाठी गेले, त्याला बरीच वर्षे झाली होती. तेव्हापासून खोऱ्यात दुखऱ्या दातावर लवंग, व्हिस्की आणि शेवटी मेव्हण्याची पक्कड असा उपचार चालू होता. नदीकाठी, दोन्ही गावांच्या बरोबर मध्ये, दवाखाना उघडला तेव्हा दारात रांग लागली. पहिला रोगी खुर्चीत बसला, मान मागे टाकली आणि दात आवळूनच त्याने विचारले की बाई, तुम्ही कोणाच्या? बाई म्हणाल्या, मी आत्ताच आले, सगळे बघून मग ठरवीन. रोगी उठला, त्याने टोपी घातली आणि दात दुखत दुखत घरी गेला. त्याच्यामागोमाग रांगही गेली.

हे मला ग्लेनिसने सांगितले. म्हणजे मला नाही, फळीवर शेजारी बसलेल्या बाईला सांगितले. ग्लेनिस दवाखान्यात नावे लिहून घेते आणि अबरगॉरच्या ओझ्याला तिच्या आईपासून तिची जागा ठरलेली आहे. पेनरिवचा एमरिस मात्र रोग्याच्या बाजूचा होता. एमरिस म्हणजे पेनरिवच्या पोरांना रग्बी शिकवणारा म्हातारा, आयुष्यभर बस चालवलेला, आणि अजूनही माणसांशी तो मागे सरका याच सुरात बोलतो. त्याचे म्हणणे असे, की डोळे मिटून तोंड उघडायचे तर समोरच्याच्या हातात सुई कोणाची आहे हे कळायला नको का?

काद्रीबाईंनी मग संघ निवडायचे मनावर घेतले. शहाणी माणसे मूर्खपणाही पद्धतशीर करतात. त्यांनी दोन्ही संघांचे सामने पाहिले, नियम पाठ केले, आणि नियम पाठ असलेल्या खोऱ्यातल्या त्या एकट्याच निघाल्या. रेफरीलाही ते एवढे येत नाहीत. मग त्यांनी आपल्या विद्येकडे वळून खेळाडूंचे दात न्याहाळले. पेनरिवच्या गड्यांचे पुढचे दात डावीकडून पडलेले होते, अबरगॉरच्यांचे उजवीकडून. दोन्ही संघ मिळून एक बरे तोंड झाले असते. त्यातून निर्णय मात्र निघेना.

वेळ थोडा होता. आरोग्य खात्याने बजावले होते की वर्ष संपेपर्यंत रोगी आले नाहीत तर दवाखाना बंद, आणि बाईंची बदली दूर कुठेतरी. बाईंना बदलीचे जास्त लागले होते. त्या ग्लेनिसला म्हणाल्या होत्या, की याआधी त्या तीन गावांत राहिल्या आणि तिन्ही सोडून गेल्या, तेव्हा त्या गेल्याचे कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. इथे निदान माणसे विचारतात तरी, तुम्ही कोणाच्या. त्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर असावे, असे त्यांना फार वाटत होते. माणसाला काय वाटावे याला काही धरबंध नसतो.

एका मंगळवारी त्या पेनरिवच्या मैदानापाशी उभ्या होत्या. पाऊस तिरपा येत होता. एमरिसने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिले.

"वजन किती तुमचं?"

बाईंनी सांगितले.

"म्हणजे नसल्यासारखंच. कडेला बसा. आणि बाई, खिशात दगड भरा जरा, तिथे पडलेत बघा."

बाईंनी खरेच खिशात दगड भरले आणि त्या फळीच्या टोकाला बसल्या. शेजारच्या म्हातारीने त्यांना नाव विचारले नाही, नुसते कोपराने सरकवले. पहिल्याच धडकेला बाई चिखलात पडल्या. सराव थांबला नाही. एमरिस म्हणाला, "ओझं सांडलं, उचलून ठेवा," आणि दोघांनी त्यांना पिशवीसारखे उचलून परत ठेवले. दुसऱ्यांदा पडल्या तेव्हा त्यांना एमरिस जे बोलला ते मुलांच्या कानी घालण्यासारखे नाही.

इथवर ठीक होते. मग बाईंनी ते केले, जे आमच्या खोऱ्यात आजवर कोणी केले नव्हते. तुलना पूर्ण व्हावी म्हणून त्या गुरुवारी अबरगॉरच्या ओझ्यालाही बसल्या.

मित्रांनो, इथे लग्न मोडते, माणूस देव बदलतो, एकाने तर मेंढ्या विकून शेळ्या घेतल्या होत्या आणि त्यालाही लोकांनी कालांतराने माफ केले. पण कोण कोणत्या गावाच्या ओझ्याला बसतो, ते बदलत नाही. बाईंना वाटले, फळी तीच, यंत्र तेच, त्यात काय? यंत्राला विचारले असते तर यंत्रानेही हेच सांगितले असते. यंत्राला कोण विचारतो?

अबरगॉरने त्यांची बडदास्त ठेवली. ग्लेनिसने घरून उशी आणली, पाठीला शाल दिली, चहाबरोबर पाहुण्यांसाठी राखलेली बिस्किटे दिली. पोरांना ताकीद मिळाली की आज जरा बेताने ढकला, वर डॉक्टरीणबाई आहेत. मला इतके हळुवार कोणी कधी ढकलले नव्हते. मला त्याची किळस आली.

शुक्रवारी सकाळपर्यंत बातमी दोन्ही गावांत पोचली. पेनरिव म्हणाले, बाई फितूर. अबरगॉर म्हणाले, बाई आधी त्यांच्याकडे गेल्या, आपल्या वाट्याला उष्टे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, पण इथे उलटेच झाले. पाहुणी खाऊनपिऊन बरी होती आणि दोन्ही घरे ठणकत्या दाढांनी उपाशी बसली. दवाखान्याचे दार दिवसभर उघडे राही आणि त्यातून फक्त वारा आत येई.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांचा सामना असतो. त्याआधीच्या शेवटच्या गुरुवारी मी अबरगॉरला होते. काद्रीबाई कुंपणाबाहेर उभ्या होत्या, फळीवर त्यांना आता जागा नव्हती. स्क्रमच्या पहिल्या रांगेत डेल्विन होता. डेल्विन छपरे शाकारतो आणि त्याची मान डोक्यापेक्षा रुंद आहे. त्या दिवशी त्याचा डावा गाल शेजारच्या गड्याच्या डोक्याएवढा सुजला होता. त्याने गाल माझ्या गादीला टेकवला, मागून सात जणांनी जोर लावला, आणि डेल्विनच्या नाकातून असा आवाज निघाला की टेकडीवरच्या मेंढ्या उभ्या राहिल्या.

सगळे थांबले. बाई कुंपण ओलांडून धावत आल्या.

"तोंड उघड," त्या म्हणाल्या.

डेल्विनने दात आवळले. "आधी सांगा, तुम्ही कोणाच्या?"

"गाल बघ तुझा केवढा झालाय."

"गाल अबरगॉरचा आहे. तुम्ही कोणाच्या?"

ग्लेनिस फळीवरून खाली वाकली आणि हळूच म्हणाली, "सांगून टाका ना, बाई. आमच्या म्हणा. खोटं असलं तरी चालेल, पुढचं देव बघून घेईल. नाहीतर चाललात तुम्ही आणि चालल्या आमच्या दाढा."

हे अगदी सोपे होते. एक शब्द बोलला की दवाखाना वाचत होता. अख्खे अबरगॉर कान टवकारून उभे होते. बाईंनी चिखलाकडे पाहिले, मग ग्लेनिसकडे पाहिले.

"पेनरिवची," त्या म्हणाल्या.

बाईंनी ग्लेनिसचा हात धरला. "तुम्ही मला उशी दिलीत, ग्लेनिस. फार चांगली होती. पण उशी पाहुण्याला देतात. तिथे मला दगड दिले, आणि वजन कमी पडलं म्हणून शिव्या दिल्या. पाहुण्याला कोणी शिव्या देत नाही."

डेल्विन हे ऐकून इतका थक्क झाला की त्याचा जबडा आपोआप खाली आला. बाईंनी तेवढ्यात खिशातून बॅटरी काढली आणि आत उजेड पाडला.

"अक्कलदाढ. खालची, डावीकडची. उद्या सकाळी ये."

डेल्विनने तोंड मिटले आणि विचार केला. त्याचा विचार चेहऱ्यावर दिसतो, कारण त्याला वेळ लागतो.

"पेनरिवची आहे म्हणजे दुखवणार," तो म्हणाला.

"दुखेल थोडं."

"मग येतो. मधली असती तर उगाच दुखवलं असतं. ही निदान मनापासून दुखवेल."

अबरगॉरला हे तत्त्वज्ञान फार पटले. आपल्या माणसापुढे ओरडायची लाज वाटते. शत्रूने दाढ उपटली तर ती लढाईतली जखम. दुसऱ्या दिवशी दवाखान्याबाहेर एका भिंतीला अबरगॉर आणि दुसऱ्या भिंतीला पेनरिव अशा दोन रांगा लागल्या. पेनरिवचे आले कारण बाई आपल्या होत्या, अबरगॉरचे आले कारण नव्हत्या. एमरिसला कोणीतरी जाऊन सांगितले की बाईंनी भर अबरगॉरात पेनरिवचे नाव घेतले. तो म्हणाला, "मग मंगळवारी वेळेवर या म्हणावं." झाले एवढेच कौतुक.

आणि सामना? डेल्विनची दाढ गेली होती, गाल उतरला होता, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तो रात्रभर झोपला होता. त्याने पेनरिवचा स्क्रम असा मागे रेटला की त्यातले दोघे कुंपणापलीकडच्या हिरव्या कोबीत सापडले, आणि अंगात हिरवे असल्यामुळे लगेच सापडले नाहीत. पेनरिव सपाटून हरले. हरल्यावर सगळे गाव वळून बाईंकडे बघू लागले. एमरिस त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"एक दाढ," तो म्हणाला. "सामना होईपर्यंत थांबता आलं नाही तुम्हाला?"

"त्याला पू झाला होता."

"आम्हाला काय झालंय ते बघा."

मी कडेलाच उभे होते, मी बाईंचा चेहरा पाहिला. त्या सपशेल हरलेल्या संघाच्या मधोमध, चिखलाने माखून, अख्ख्या गावाचा दोष डोक्यावर घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांना आनंद लपवता येत नव्हता. हरल्यावर दोष द्यायला आपलेच माणूस लागते. मग त्यांनी रेफरीच्या दिशेने वळून आपल्या भाषेत काहीतरी लांबलचक म्हटले. अर्थ कोणाला कळला नाही, पण फळीवरच्या शेजारच्या म्हातारीने त्यांना कोपर मारून शाबासकी दिली. एक शहाणी, शिकलेली, नियम पाठ असलेली बाई माझ्या डोळ्यांदेखत वाया गेली.

मित्रांनो, संघ निवडणाऱ्या माणसाला सगळे विचारतात, तू कोणाचा. ज्याच्यावर बसून तो निवडतो त्याला कोणी विचारत नाही. माझे सांधे कुरकुरतात, गाद्यांतला भुसा उंदरांनी नेला आहे, आणि आपण वापरतो त्या वस्तूची काळजी घ्यावी हे तुम्हा मुलांना तरी शिकवले असेल. म्हणून मी हे रीतसर मांडते.

सबब, पेनरिव व अबरगॉर क्लबांची संयुक्त देखभाल समिती व तिच्यामार्फत रग्बी संघटना यांना विनंती करण्यात येते की, अर्जदार यंत्रास वर्षातून एकदा तेल देण्यात यावे. तसेच नाताळच्या दुसऱ्या दिवशी झालेला सामना, त्यापूर्वी झालेले सर्व सामने व यापुढे होणारे सर्व सामने दोन्ही संघ हरले असल्याचे जाहीर करण्यात यावे, आणि सदर निर्णयाची प्रत पुलाच्या मध्यावर, दोन्ही ट्रॅक्टरचालकांच्या समक्ष, अर्जदारास मोठ्याने वाचून दाखवण्यात यावी.