बिनसाखरेची इमारत

सकाळचे अकरा वाजले होते आणि सासरे शर्टाचं बटण भलत्याच काजात घालायच्या खटपटीत होते. सून शिवणयंत्रावर बसली होती. घरीच कपडे शिवून द्यायचा तिचा धंदा, त्यामुळे चुकलेलं बटण तिला दुरूनही दिसायचं.

"बाबा, एक काज चुकलंय."

त्यांनी वर पाहिलं, पण ओळख पटत नसल्यासारखं. डोक्यावर पंखा फिरत होता तरी कपाळावरून घाम निथळत होता. "गाडी कधी सुटायची?" त्यांनी विचारलं. कुठली गाडी? कामावर जायची? निवृत्त होऊन बारा वर्षं झालेला माणूस हा.

तिने रक्तातली साखर मोजायचं यंत्र काढलं, त्यांचं बोट टोचलं. बेचाळीस. कपाटाच्या दारावर डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद चिकटवलेला होता: सत्तरच्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून, ताबडतोब. ती स्वयंपाकघरात धावली आणि फळीसमोर जाऊन उभी राहिली ती उभीच. साखर होती कुठे?

साखर तिनेच हद्दपार केली होती. तिची आई बावन्नाव्या वर्षी मधुमेहाने गेली, आधी पाय, मग डोळे, मग सगळंच. तेव्हापासून सुनेच्या मनात जी धास्ती बसली ती काही उठेना. चार महिन्यांपूर्वी घरातून साखर गेली, गूळ गेला, मध गेला, बिस्किटं गेली. तेवढ्यावर थांबेल तर ती कसली? बंद करायच्या पदार्थांची यादी तिने इमारतीतल्या घराघरात वाटली, शिवणाची टेप घेऊन कमरा मोजल्या, वहीत मांडल्या, दर रविवारी जिन्यात उभं राहून कोणाची किती उतरली ते वाचून दाखवलं. लोक पाठीमागे तिला आरोग्यबाई म्हणायचे, पण टेप हातात घेऊन दारात उभ्या राहिलेल्या बाईशी हुज्जत कोण घालणार? ऐकायचे बिचारे.

आणि सासरे तर हक्काचेच. त्यांचं रात्रीचं जेवण आधी निम्म्यावर आलं आणि गेल्या पाच दिवसांपासून सकाळची न्याहारीही बंद झाली, का तर पोटाला विश्रांती. इन्सुलिनची सुई मात्र रोज सकाळी ती स्वतःच्या हाताने द्यायची, पूर्वीइतकीच. डॉक्टरांना विचारावं हे तिच्या डोक्यातच आलं नाही. कापड कमी असलं की माप बदलावं लागतं, हे जिला झोपेतही कळतं, तिला एवढं कळू नये? पण भ्यालेल्या माणसाची अक्कल चालते कुठे.

फळीवर गोडीच्या गोळ्यांची डबी होती, चहात टाकायच्या, बिनसाखरेच्या. तिने चार गोळ्या पाण्यात विरघळवल्या आणि पेला त्यांच्या ओठांना लावला. ते प्यायले. "गोड आहे," म्हणाले. तिला हायसं वाटलं.

दहा मिनिटांनी पुन्हा टोचलं. छत्तीस.

आता मात्र तिची पाचावर धारण बसली. तिने रुग्णवाहिकेचा नंबर लावला. पलीकडच्या बाईने शांतपणे विचारलं, "काय दिलंत?" हिने सांगितलं. "त्या गोळ्यांनी साखर वाढत नाही, ताई. खरी साखर द्या. गिळता येतंय ना त्यांना? मग घाई करा. गाडीला अर्धा तास लागेल."

तिने त्यांना कुशीवर निजवलं, दार सताड उघडं टाकलं आणि अनवाणी बाहेर पडली.

शेजारची टायपिस्ट दारात आली. "साखर? अहो, तुम्हीच तर कचऱ्यात टाकायला लावलीत तुमच्यासमोर."

"मध? गूळ? काहीही."

"तुमच्या यादीत सगळंच होतं ना."

समोरच्या दाराला कुलूप. खालच्या मजल्यावरच्या म्हातारीने एक डबी पुढे केली. त्याच गोळ्या. सुनेला रडू फुटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एवढ्या मोठ्या इमारतीत एका माणसाला जगवायला तीन चमचे साखर नव्हती आणि ती नसावी म्हणून तिनेच चार महिने जिने झिजवले होते.

सगळ्यात वरच्या मजल्यावर एक ट्रकवाला राहायचा. त्याने तिला कंबर मोजू दिली नव्हती आणि तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. तिने त्याचं दार दोन्ही हातांनी बडवलं.

"साखर," ती म्हणाली. "सासरे."

त्याच्या ओठांवर काहीतरी खवचट आलं होतं. तिचा चेहरा बघून त्याने ते गिळलं, आत गेला, अख्खा डबा उचलून आणला आणि तिच्याआधी जिना उतरू लागला.

त्याने सासऱ्यांना धरून बसवलं. तिने चमच्याचमच्याने साखरपाणी पाजलं. पहिला घोट हनुवटीवर ओघळला, दुसरा गिळला गेला. हरेक घोटाला तिचा जीव टांगणीला. पंधरा मिनिटांनी अठ्ठावन्न. पुन्हा पाजलं. रुग्णवाहिकेची नर्स जिना चढून आली तेव्हा ब्याऐंशी झाली होती आणि सासरे ट्रकवाल्याला विचारत होते, "तुम्ही कोण?"

नर्सने तपासलं. दवाखान्यात न्यावं लागेल म्हणाली, इन्सुलिनचा अंमल अजून उतरलेला नाही. मग विचारलं, "खाणं कमी झालं होतं का?"

"मी केलं होतं," सून म्हणाली. "सुई तेवढीच देत राहिले."

नर्सने लिहून घेतलं आणि म्हाताऱ्याकडे वळली. "थरथर, घाम, हे आजच झालं?"

"चार दिवस होतंय."

"मग घरात सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर हिने उरलेलंही बंद केलं असतं," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. "मला हिची भीती वाटते."

ट्रकवाला उगाचच डब्याचं झाकण लावत बसला. सून खाली फरशीवरच बसली. आईच्या आजाराची भीती घालता घालता घरात आपलीच दहशत बसली, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि ते बेचाळीसच्या आकड्यापेक्षा भयंकर होतं. नर्स स्ट्रेचर मागवायला बाहेर गेली होती. सुनेने त्यांचा थंडगार पाय हातात घेतला.

"बाबा, भूक लागलीय का हो?"

त्यांनी आधी तिचा चेहरा नीट बघितला. कुठलं उत्तर चालेल, ते त्यावरून ताडलं.

"नाही गं," ते म्हणाले. "अजिबात नाही."