भाऊबिजेच्या गाडीतला लाल दिवा

मित्रांनो, गाडीच्या स्टिअरिंगमागे, वेग दाखवणाऱ्या काट्याच्या खाली, एक बारीक लाल चित्र असतं. छोटीशी झारी आणि तिच्या तोटीतून पडणारा एक थेंब. तो मी, इंजिनाच्या तेलाचा दिवा. आता जुना झालो आहे आणि थोडा कडवटही. का, ते ऐका.

माझं काम जरा उलटं आहे. मी विझलो की लोकांनी निश्चिंत व्हायचं. चावी फिरवली की मी क्षणभर लागतो, म्हणजे हजेरी देतो. इंजिन सुरू झालं आणि पंपाने तेल दाबून वर चढवलं की मी विझतो. चालत्या गाडीत पुन्हा लागलो, तर आतल्या भागांना तेल पोचत नाही असं समजायचं आणि गाडी बाजूला घेऊन बंद करायची. नाहीतर लोखंडावर लोखंड कोरडं घासतं आणि इंजिन जागीच जाम होतं.

माझे पहिले मालक करमाडचे सर्जेराव. घरची शेती आणि शेंद्र्याला कंपनीत नोकरी. गाडी नवी होती तेव्हा माझा काय मान होता! बायकोला, सत्यभामावहिनींना, गाडी शिकवताना त्यांनी माझ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ह्यो लाल दिवा लागला की गाडी तिथंच बंद. मंग म्या जरी म्हणलो चालव, तरी चालवायची नाय."

त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं जगलो.

पुढे गाडी जुनी झाली आणि लाड संपले. दारात ट्रॅक्टर होता. त्याचं तेल बदलताना डब्यात जे उरे, ते गाडीच्या इंजिनात जाई. "तेल म्हंजी तेल," असं सर्जेराव म्हणत. जुनं तेल काढण्याची तसदी कोण घेणार? वरून ओतलं की झालं. आतलं तेल काळं आणि चिकट होत गेलं, तळाशी गाळ साचला.

एका उन्हाळ्यात चिकलठाण्याच्या सिग्नलला गाडी थांबलेली असताना मी लागलो. सर्जेरावांनी बॉनेट उघडून तेल मोजायची पट्टी ओढली. तेल काठोकाठ होतं. "तेल तर फुल्ल हाय की! दिवाच येडा झालाय," ते म्हणाले.

मित्रांनो, तेल असणं वेगळं आणि ते वर चढणं वेगळं. टाकी भरलेली असली तरी पाइपात गाळ बसला तर नळाला पाणी येत नाही. पण माझं ऐकतो कोण? त्यांनी ट्रॅक्टरचं आणखी जाड तेल ओतलं. त्या जाडीमुळे मी थोडे दिवस गप्प राहिलो, मग पुन्हा लागलो. खरं सांगत होतो आणि खोटारडा ठरत होतो. माझा जीव नुसता जळत होता.

सर्जेरावांची बहीण विशाखाताई लासूर स्टेशनला दिलेली. तिच्या सासूबाई दगडाबाई यांना डायलिसिससाठी सारखं शहरात न्यावं लागे. एसटीत म्हातारीचे फार हाल होत. म्हणून सर्जेरावांनी ठरवलं, यंदा भाऊबिजेला बहिणीला गाडीच ओवाळणी घालायची. मन मोठं होतं, मी नाकारत नाही. गाडी धुतली, नवे सीट कव्हर घातले. मी मात्र लागलेलाच होतो.

भाऊबिजेच्या आदल्या दिवशी ते मला रस्त्याकडेच्या एका वायरमनकडे घेऊन गेले. तो म्हणाला, "मालक, एकदा इंजिन खोलून बघा."

"दिवाळी झाल्यावर बघू. ओवाळणीत लाल दिवा बरा दिसत नाय. तेवढी वायर काढून टाक."

पक्कडीचा एक कट आणि मी आंधळा झालो. चावी फिरली, बाजूचे सगळे दिवे लागले आणि मी तेवढा काळा राहिलो. मला तोडलं ते चोराने नव्हे, ज्याने माझ्यावर विश्वास ठेवायला शिकवलं त्याने. दुसऱ्या दिवशी विशाखाताईने भावाला ओवाळलं, माझ्या काचेला कुंकू लावलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ओरडून सांगावंसं वाटलं, पण ओरडणार कशाने?

पुढे एका दुपारी डायलिसिस आटोपून आम्ही घरी निघालो होतो. पडेगावच्या पुढे इंजिन खडखडू लागलं. मागच्या सीटवर आडव्या झालेल्या दगडाबाई म्हणाल्या, "पोरी, ह्या गाडीचं लई दुखतंय बघ. मला पडल्या पडल्या कळतंय."

विशाखाताईने गाडी तिथंच बंद केली आणि दुसऱ्या गाडीला बांधून जवळच्या गॅरेजात आणली. मेकॅनिक रौफभाईंनी पट्टी पाहिली, मग चावी फिरवली आणि माझ्याकडे बघत राहिले. "दीदी, तेल की बत्ती कायकू नै जल री?" खाली वाकून त्यांनी कापलेली वायर बाहेर काढली. त्या जागी तेलाचा दाब मोजायचं घड्याळ लावून इंजिन जरासं चालवलं. काटा जेमतेम हलला. इंजिनाच्या तळाची तेलाची पेटी खोलली, तर तेल ओढणारी जाळी काळ्या गाळाने गच्च भरलेली. "और थोडा चलाते तो इंजिन जाम हो जाता था," ते म्हणाले.

विशाखाताईने दगडाबाईंना रिक्षाने शहरातल्या नणंदेकडे पाठवलं आणि भावाला बोलावून घेतलं. सर्जेराव आले तेव्हा ती वायर तिच्या हातात होती.

"दादा, तुला म्हाईत व्हतं?"

"अगं, सणासुदीला चार लोकांत द्यायची गाडी... म्हणलं मागून करून देऊ."

"मला सांगितलं असतं तरी म्या घेतली असती. नीट करून घेतली असती." तिचा आवाज चढला नाही. "मागं सासूबाई झोपल्या व्हत्या, दादा."

सर्जेराव खाली बघत म्हणाले, "चुकलं माझं."

जाळी धुतली, आतले घासलेले भाग आणि पंप बदलले, योग्य तेल भरलं, माझी वायर जोडली. विशाखाताईने चावी फिरवली आणि मी लागलो. इंजिन सुरू झालं, मी विझलो. आता मला लाल झालेलं पाहिल्याशिवाय ती कधीच गाडी सुरू करत नाही.

मित्रांनो, घरच्या गाडीत बसलात की चावी फिरताना मला शोधा. लागलो नाही तर मोठ्यांना विचारा. चालत्या गाडीत लागलो तर, तेल भरलेलं आहे असं कोणी कितीही सांगो, गाडी थांबवायला लावा.

विशाखाताईने भावाला माफ केलं. परवा ते लासूरला आले होते. गाडी अंगणात जरा मागे घ्यायची होती म्हणून स्टिअरिंगवर बसले, चावी फिरवली. मी लागलो. त्यांनी आरशात बघून केस सारखे केले आणि माझ्याकडे न बघताच गाडी सुरू केली.

तुम्ही तरी बघत जा.