खांबाकडं आणा गं

मी काष्टीच्या खो-खो मैदानावरचा पूर्वेकडचा खांब. बोलायची मला सवय नाही, पण यंदा राहवत नाही.

कारभारी सुतारांनी मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. मुलींच्या हाताला कुसळ लागू नये म्हणून गोरक्षनाथ मास्तर दर शनिवारी मला पॉलिश पेपरने घासत. संघाची कर्णधार होती राजनंदिनी. मला एका हाताने धरून ती असा सूर मारायची, की पळणारी हमखास बाद. आठ वर्षं संघ एकच डाव खेळला. समोरचीला खांबाकडे रेटत आणायचं, पुढचं राजनंदिनी बघेल.

जानेवारीत ती पोलिसात भरती झाली. मास्तर निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेले. नवी कर्णधार मोनिका उंचीने कमी. मधल्या चौकोनातून उठताच गडी टिपण्यात ती तरबेज आहे, पण मला धरून सूर मारला की वीतभर कमी पडते.

तरी डाव तोच. जिल्ह्याच्या स्पर्धेतले चार सामने हरलो. दरवेळी मुली ओरडतात, "खांबाकडं आणा गं!" आणतातही. मग धरायला कोणी नाही.

कडेला बसणाऱ्या छबूबाई एकदा म्हणाल्याच, "आता काय खांब धरनार हाय व्हय तिला?" मला ते फार लागलं.

रविवारी शेवटचा सामना होता. बरोबरी झाली तरी वरच्या गटात टिकणार होतो. अर्धं मिनिट उरलं होतं, एकच गडी हवा होता. खो मिळताच मोनिका उठली. पळणारी हाताच्या अंतरावर होती. तेवढ्यात मागून ओरडा झाला, "खांबाकडं!" मोनिका थबकली. मग पळणारीला रेटत माझ्याकडे आली, सूर मारला. वीतभर कमी.

"राजूताई असती तर..." माझ्याशेजारी बसून ती म्हणाली.

"ती न्हाई आता. तू हायेस," नवे प्रशिक्षक सुनील सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला उपटून कुंपणाशी आडवं टाकलं. मला वाटलं, आता तरी सुटेल सवय. सराव सुरू झाला. पहिल्याच खोला पुष्पावती ओरडली, "खांबाकडं आणा गं!" आणि पोरी माझ्या रिकाम्या खड्ड्याकडे धावल्या.

पोरींनो, मी इथं पडलोय. तिकडे कोणी नाही. मोनिका मध्ये बसली आहे, तिला खो द्या.