हिरवा दिवा

अंबडच्या ज्या कारखान्यात ललिताबाई साळवे एकोणीस वर्षं माल तपासत होत्या, तिथे एका सोमवारी माणसांचं लक्ष मोजणारं यंत्र आलं. म्हणजे तपासणीच्या प्रत्येक टेबलावर एक बोटभर कॅमेरा आणि त्याच्या डोक्यावर दोन दिवे. तपासणाऱ्याची नजर प्रत्येक नगावर दोन सेकंद ठरली की हिरवा लागायचा, इकडेतिकडे भरकटली की लाल.

यंत्र आणलं होतं हर्षल साहेबांनी. साहेब तिशीतले, क्वालिटीचे मॅनेजर, आणि कुठल्याही गोष्टीचा आलेख काढल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. त्यांनी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बसवून मेंदूचं शास्त्र समजावलं. "लक्ष म्हणजे टॉर्च. डोळा रोखाल तिथे उजेड पडणार. डोळा नगावर असला की मेंदूही नगावरच!" सामोसे गरम होते, त्यामुळे कोणी शंका काढली नाही.

ललिताबाईंची पद्धत अगदी उलटी. माल म्हणजे स्कूटरच्या ब्रेकमध्ये बसणारा, अंगठीएवढा लोखंडी बुश. बाई चार बोटांत चार बुश अडकवून ट्यूबलाइटखाली गरगर फिरवायच्या आणि नजर कुठेच ठेवायच्या नाहीत. तोंडाने शेजारच्या टेबलावरच्या समाधानला भाजीवाल्याचे कारनामे सांगणं चालूच. चांगल्या बुशावरून उजेड सरळ घसरत जायचा. बारीकशी चीर असली की तो तेवढ्यापुरता अडखळायचा, आणि बाई वाक्य न तोडता तो नग लाल ट्रेमध्ये टाकायच्या. कसं दिसतं म्हणून कोणी विचारलं तर म्हणायच्या, "मी कुठे बघते? तोच दिसतो मला."

यंत्राला हे काही पटलं नाही. पहिल्या आठवड्यात बाईंना एकतीस टक्के पडले. समाधानला अठ्ठ्याण्णव. त्याचा फोटो नोटीस बोर्डावर लागला आणि बाईंना केबिनमध्ये बोलावणं आलं.

"ललिताबाई, तुमचं कामात लक्ष नाही."

"साहेब, पण मी बावीस खराब नग काढलेत या आठवड्यात. समाधानचे दोनच निघाले."

"म्हणजे त्याच्याकडे माल चांगला गेला."

"माल एकाच मशिनवरून येतो, साहेब."

साहेबांनी आलेख त्यांच्याकडे वळवला. महिनाअखेरपर्यंत ऐंशी टक्के आले नाहीत, तर टेबल सोडून पॅकिंगमध्ये. पॅकिंग म्हणजे काय ते बाईंना ठाऊक होतं. तिथे गेलेल्या जुन्या बायका सहा महिन्यांत 'स्वखुशीने' घरी बसायच्या, अशी त्या कारखान्याची रीत होती. बाईंच्या निवृत्तीला चार वर्षं होती, आणि मुलीचा, तेजलचा, नर्सिंगचा कोर्स निम्मा व्हायचा होता.

समाधान मनाने चांगला. त्याने डब्याच्या सुट्टीत युक्ती सांगितली. "ताई, नगाच्या भोकात बघायचं आणि मनात दुसरंच काहीतरी चालू ठेवायचं. मी आमच्या इगतपुरीच्या घराला रंग कोणता द्यायचा ते ठरवतो. पोपटी ठरलाय."

"आणि चीर?"

"चिरेचं काय घेऊन बसलात? दिवा हिरवा लागतो ना!"

बाईंनी मनावर दगड ठेवून तीन दिवस तसं केलं. नव्वद आले, मग त्र्याण्णव, मग शहाण्णव. साहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. चौथ्या दिवशी चहाला उठताना पास झालेल्या मालाच्या ट्रेवरून बाईंची नजर सहज फिरली आणि वरच्याच थरात उजेड अडखळला. त्यांनी सगळा ट्रे ओतला, आपल्या पद्धतीने फिरवला. सात निघाले. सातही नग त्यांनी डोळे फाडफाडून बघितलेले होते आणि एकही त्यांना दिसला नव्हता. आधीच्या तीन दिवसांचा माल तर कधीच गाडीत चढला होता. तेजल रोज स्कूटरवरून नाशिक रोडला जायची. बाईंना स्वतःची लाज वाटली, एकोणीस वर्षांत वाटली नव्हती एवढी.

त्या दुपारपासून त्यांनी पुन्हा बुश गरगर फिरवायला आणि भाजीवाल्याबद्दल बोलायला सुरुवात केली. लाल दिवा दिवसभर पेटलेला. महिनाअखेरीला चव्वेचाळीस टक्के भरले आणि बाई पॅकिंगमध्ये गेल्या.

पॅकिंगमध्ये कॅमेरा नव्हता, कारण तिथे बघण्यासारखं काही नाही असं वर ठरलेलं होतं. पहिल्याच दिवशी सकाळी पिशव्या भरता भरता बाईंना तीन चिरलेले नग दिसले. त्यांनी ते चिठ्ठी लावून तपासणीला परत पाठवले. समाधानने प्रत्येकाकडे दोन दोन सेकंद बघितलं, हिरवा दिवा लागला, आणि 'ओके'चं स्टिकर लावून नग परत आले. बाईंनी पुन्हा पाठवले. पुन्हा हिरवा. तिसऱ्या खेपेला नगांबरोबर साहेबांच्या सहीची चिठ्ठी आली: पॅकिंगने पॅकिंग करावं.

बाई ते तीन बुश हातात घेऊन खोक्यासमोर उभ्या राहिल्या. टाकायचे आणि टेप मारायची, एवढंच काम. हात उठेना. कोणाच्या तरी ब्रेकमध्ये हे जाणार हे कळत असताना कसे टाकायचे? शेवटी त्यांनी ते रुमालात बांधले आणि जेवणाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यात घातले. घरी नेऊन अडगळीत फेकू, विषय संपेल, एवढाच त्यांचा विचार होता.

पाचला सुटी झाली. गेटवर वॉचमन सहादू, पेठकडचा, हातात लोखंड ओळखणारी काठी घेऊन उभा. काठी डब्यावरून फिरली आणि कोकलली. सहादूने डबा उघडला, रुमाल सोडला, एक बुश उन्हात धरून फिरवला.

"ह्ये कशाला नेता, बाई? ह्यो तर चिरलेला हाय."

ललिताबाईंना असा आनंद झाला की आपण पकडले गेलोय हेच त्या विसरल्या. "तुम्हाला दिसलं?"

"नाय दिसायला काय झालं? आंधळा हाय का मी?"

पण नियम म्हणजे नियम. साहेबांना फोन गेला, साहेब आले, गेटवरची वही उघडली गेली. सहादू अदबीने म्हणाला, "साहेब, तीन नग हायेत, तिन्ही चिरलेले. भंगार म्हणून लिहितो. बाईंना समज द्या, सोडा."

साहेबांनी एक बुश उचलला. नग भंगार असेल तर बाई सुटत होत्या. पण त्यावर 'ओके'चं स्टिकर होतं. भंगाराला 'ओके' म्हणणारं यंत्र साहेबांनी निवडलेलं होतं आणि पुढच्या महिन्यात तशी आणखी बारा यायची होती. नग चांगला असेल, तर मात्र बाई चोर.

साहेबांनी बुश उजेडात धरला. बाई बुशाकडे नाही, साहेबांच्या डोळ्यांकडे बघत होत्या. नजर गुळगुळीत बाजूवरून निघाली, काठाशी आली आणि अडखळली. थोडी मागे गेली. पुन्हा त्याच जागी येऊन थांबली.

"चांगला आहे," साहेब म्हणाले. "लिहा. तीन नग, चांगला माल."

"साहेब," ललिताबाई हळूच म्हणाल्या, "तुम्हाला दिसलं."

साहेबांनी बुश खिशात टाकला. "सहादू, लिहा म्हटलं ना."

सहादूने एकदा बाईंकडे बघितलं, मग मान खाली घालून लिहायला लागला.