ठमाबाईचं काळीज ऐकणारा मी

मित्रांनो, मी एक जुना स्टेथोस्कोप आहे. पण दवाखान्यात मिरवणारा नव्हे, गोठ्यात राबलेला. माझ्या नळीवर बकरीचे दात उमटलेले आहेत. एकदा म्हशीच्या पोटावर टेकवलं, तेव्हा आतला गडगडाट ऐकून पाऊस आला असं वाटलं आणि मी आपल्या पायांनी पेटीत जाऊन बसलो. खोटं वाटत असेल तर म्हशीला विचारा.

कारखान्यातले माझे भाऊबंद मोठ्या इस्पितळांत गेले. मला घेतलं जनावरांच्या डॉक्टरताईंनी. पहिल्याच दिवशी शेणात आंघोळ झाली आणि नव्या नळीचा सगळा तोरा उतरला.

माझं खरं नाव झालं ते ठमाबाईमुळे. ठमाबाई म्हणजे एका घरची लाडकी गाय. मालक दूध काढताना गात, आणि आवाज असा की दुधाचं जागच्या जागी दही व्हावं. एकाएकी ठमाबाई लाथा झाडू लागली. एक बादली तर अशी उडाली की शेजारच्या छपरावर पडली आणि तिच्यात कबुतरांनी संसार थाटला. मालकीणबाईंनी गाण्याला दोष देऊन ते बंद करवलं. तरी लाथा चालूच. मग ठरलं, खोड गायीतच आहे. दुपारी व्यापारी येऊन तिला नेणार. मालकांचं मन मात्र तयार होईना. त्यांनी सकाळीच डॉक्टरताईंना बोलावलं.

ठमाबाईला अंगणभर पळवून धरून आणलं होतं. काळीज धाडधाड उडत होतं, नाकपुड्या फुगल्या होत्या. डॉक्टरताई म्हणाल्या की ही धावपळीची आणि भीतीची धडधड आहे, दुखण्याची कोणती ते आत्ता कळायचं नाही. आधी तिला निवू द्या. सगळे गुपचूप बसून राहिले. श्वास संथ झाल्यावर त्यांनी मला ठमाबाईच्या डाव्या कोपरामागे टेकवलं.

"आता गा बघू," त्या मालकांना म्हणाल्या.

"डॉक्टरताई, घरी तुमची लेकरं वाट बघत असतील, जिवाला जपा," मालकीणबाईंनी टोला हाणला.

मालक गाऊ लागले. मी भीतीने थरथरलो. पण ठमाबाईचं काळीज झोपाळ्यासारखं आणखीच संथ झालं. मग डॉक्टरताईंच्या सांगण्यावरून मालकांनी एकेक खूर हलकेच ठोकला. तीन खुरांना काही नाही. चौथ्याला, मागच्या डाव्या खुराला, नुसता स्पर्श झाला आणि आतून घोडे उधळले. ठमाबाईचा चेहरा मात्र संन्याशाचा. दुखणं लपवणं हा गुराढोरांचा जुना शहाणपणा. कळपात जो लंगडतो त्यालाच वाघ हेरतो.

खुरात अणकुचीदार खडा रुतला होता. दूध काढताना त्याच पायावर भार येई.

"खोड नव्हती, तक्रार होती," डॉक्टरताई खडा काढत म्हणाल्या.

मालकीणबाई ठमाबाईच्या मानेवरून बराच वेळ हात फिरवत राहिल्या. व्यापारी आला तसा परत गेला. पाय बरा झाला, दूध परतलं, आणि हो, गाणंही परतलं.

पुढे डॉक्टरताईंकडे नवा स्टेथोस्कोप आला आणि मी पेटीत धूळ खात पडलो. एक दिवस मालकीणबाईंनी मला मागून नेलं. आता रोज दूध काढायच्या वेळी त्या मला कानांत घालतात. एक तर ठमाबाईचं काळीज ऐकू येतं, आणि दुसरं म्हणजे नवऱ्याचं गाणं ऐकू येत नाही.

तेव्हा मित्रांनो, एखादं जनावर लाथ मारू लागलं तर काठी शोधू नका. आधी कान लावा. आणि अधूनमधून माझी नळी पुसत जा. बकरी अजून आसपासच असते.