अप्पांच्या मानेचे टक्के

"हे कुणाला खरं वाटायचं न्हाई, पण माझ्या मानेनं डाक्टर लोकांची अक्कल गुंग केली!" विरूपाक्षअप्पा ओसरीवर मांडी ठोकून बसले. ऑपरेशनचं काय ठरलं ते विचारायला मुलगा अमरेश लातूरहून अहमदपूरला आला होता.

आधी लातूरला मानेच्या धमनीची सोनोग्राफी झाली. बहात्तर टक्के! पोरगा कोचिंग क्लासात फिजिक्स शिकवणारा; या घरात टक्के म्हणजे मार्कच. मॅट्रिकला पस्तिसावर सुटलेल्या अप्पांनी गल्लीत पेढे वाटले.

मग खात्रीसाठी नांदेडला धाडलं. तिथं शिरेतून बारीक बुडबुड्यांचं इंजेक्शन देऊन मोजलं, तर अठ्ठेचाळीस. अप्पांचं तोंड उतरलं. "रीचेकिंगला टाका," म्हणाले.

म्हणून तिसऱ्यांदा पुन्हा लातूर, डॉक्टर मृण्मयीबाईंकडं.

"काका, हे मार्क नाहीत. नळी किती बुजली, त्याचे टक्के आहेत. सत्तरच्या वर असेल तर ऑपरेशन."

"म्हंजे जास्त ते वाईट?"

"हो."

"मग नांदेडचेच ठिवा की!"

बाई हसल्या. "तिथं बुडबुडे जास्त झाले असावेत. ते इतके चकाकतात की वाट आहे त्याहून रुंद दिसते. आपण थोडेच सोडू, चकाकी ओसरू देऊ, यंत्राचा दांडा नळीला बरोबर आडवा धरून तीनदा मोजू."

अप्पांचं डोकं पार भणाणलं. जास्त बुडबुडे तर कमी टक्के. कमी टक्के तर पास. मग पेढे कशाचे वाटले?

"अन् मग?" अमरेशनं विचारलं.

"मग काय!" अप्पा सरसावले. "बाईनं बुडबुडे सोडले अन् जमिनीखालून गुडुगुडू झालं. भूकंपाचा असा हिसका, की बुडबुडे भिऊन मानेतच थांबले! प्रार्थनेला उभ्या पोरांवानी, वळीनं. बाईनं एकेक मोजला. त्या हिसक्यानं नळीतला गाळबी सुटला बग. आकडा आला तीस. ऑपरेशन क्यान्सल!"

"तीस?" अमरेश गोंधळला. "पण अप्पा…"

"अवो, काय बी नगा सांगू लेकराला!" अमरेशच्या आई मल्लम्मा पिठाच्या हातानंच दारात आल्या. "मी व्हते की तिथं. भूकंप न्हाई न् काय न्हाई, तुमचेच पाय लटलट कापत व्हते. एकाहत्तर, एकाहत्तर, बहात्तर आलं. अमरेश, सोमवारी भरती करायचंय. रजा टाक."